तारपेवाला बाहेर कशाला?

ठाण्यात मी फोटोवॉक घेते, बहुतेक रविवारी सकाळी. जूनचा पहिला पाऊस झाल्यावर वर्तकनगरहून उपवनपर्यंतचा वॉक ठेवला होता, विषय भिंतींवरची चित्रं. सकाळ ढगाळ होती, म्हणजे आमच्यासाठी उत्तमच. उन्हात ऑइलपेंट चकाकतो आणि झाडांच्या सावल्या नेमक्या चित्रावर पडतात. ढगांखाली रंग आहेत तसे येतात.

उपवनच्या अलीकडे एका सोसायटीच्या लांबलचक कंपाउंडवर वारली चित्रं आहेत, गेरूच्या रंगावर पांढरी. तिथे मी सगळ्यांना थांबवून सांगत होते: भिंतीच्या अगदी समोर उभे राहा, कॅमेरा वर तिरका केलात तर भिंत मागे कललेली दिसते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. फ्रेमभर तांबडं असलं की कॅमेरा ते कमी करायला बघतो आणि पांढऱ्या रेषा निळसर पडतात.

भिंतीला लागून एक मावशी शेवळं विकायला बसली होती. येऊरच्या पाड्यांवरून पावसाळ्याच्या तोंडावर बायका रानभाज्या घेऊन खाली येतात. शेवळांच्या जुड्या, शेजारी काकडं म्हणजे आंबट रानफळं, कारण शेवळं खाजरी आणि काकडांशिवाय ती भाजी घशाखाली उतरत नाही. आमच्यातला एक मुलगा तिला म्हणाला, "मावशी, जरा सरकता का? मागचा फोटो घ्यायचाय."

ती उठली, भिंतीकडे वळून नीट पाहिलं आणि म्हणाली, "यो तारपेवाला बाहेर कशाला उभा केलाय?"

चित्रात नाचणाऱ्यांचं पूर्ण बंद वर्तुळ होतं, प्रत्येकाचे हात वर, आणि तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा एका कोपऱ्यात, स्टेजच्या कडेला बसवलेल्या साथीदारासारखा. मावशीने वर्तुळाच्या मधोमध बोट टेकवलं. "यो हितं. हा फिरंल तसं बाकीच्यांनी फिरायचं. तारप्याला पाठ नाय दाखवायची." मग बोट भिंतीवरून फिरवत तिने साखळी दाखवली. एकमेकांच्या कमरेला हात, हवेत नाहीत. आणि साखळीचं टोक सुटं, ते वळत वळत आत येतं, पुन्हा उलगडतं. तिचं बोट फिरत होतं तेव्हा मी सगळ्यांना कॅमेरे खाली ठेवायला सांगितलं. आधी बघा, म्हटलं.

शेजारीच एक चौक काढला होता, वारली लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र. चौकटीवरची नक्षी सुंदर, पण आत नुसतं एक झाड. "देव कुठाय?" मावशीने विचारलं. "चौकात देव नाय, मग लगीन कोणाचं?" लग्नाच्या चौकात पालघट देवी असते आणि तो सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात, काडीचं टोक चावून कुंचला करतात. चित्र रोजचं, हवं तेव्हा काढायची गोष्ट झाली ती पुढे, डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या वारली चित्रकारांमुळे. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली.

मावशीने एवढं सांगितलं, पण स्वतःचा फोटो काढू दिला नाही. "माझा नको, भाजी घ्या." घेतली, सगळ्यांनीच.

मला राहून राहून एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं. 2014 साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. वारली पाडे आजही येऊरच्या डोंगरावर, या भिंतीपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. ज्यांची कला रंगवायची त्यांना एकदा वर जाऊन विचारणं इतकं अवघड नव्हतं. शिवाय भिंतीवर सोसायटीचं नाव हातभर मोठं आणि चित्रकाराचं कुठेच नाही. ज्याने उन्हात शिडीवर उभं राहून एवढी भिंत रंगवली त्याचं नाव मिळालंच पाहिजे, चूक असली तरीही.

वॉचमनकडून चित्रकाराचा नंबर मिळाला. कलाशिक्षण घेणारा तरुण मुलगा निघाला. मोबाइलवरची चित्रं बघून रंगवल्याचं त्याने सरळ सांगितलं, आणि तारप्याचं ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "मावशी पुन्हा कधी बसतात तिथे?" मी म्हटलं, शेवळं आहेत तोवर सकाळी असतात. संध्याकाळी त्याला भिंतीचे समोरून घेतलेले फोटो पाठवले. त्यातल्या एकावर मावशीचं बोट फिरलं तशी साखळीची वाट लाल रेघेने काढून दिली, आणि त्याचं नाव विचारून त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंखाली घातलं.