देवीचं असतं तर एक वेळ...

मंगळवार, रात्री

दुपारी आक्काचा निपाणीहून फोन. विषय तोच, माझं भाचरू सोनू. मुलगी म्हणून वाढलं, पण 'मी मुलगी न्हाई, मुलगा पण न्हाई' म्हणतं. मार्गशीर्षातली पुनव चुकली, आता माघी पुनवेला सोनूला घेऊन डोंगरावर जायचं असं तिच्या मनात आहे. डोंगर म्हणजे आमच्यासाठी सौंदत्तीचाच. "यल्लम्मानं बोलावलं असेल तर तिथं कळेल तरी. देवीचं असतं तर एक वेळ मी समजून घेतलं असतं गं. पण हे आपलं आपणच ठरवलेलं म्हणजे काय?"

मी "बघू की" म्हटलं आणि फोन ठेवला. दोन ब्लाऊजना हूक लावायचे राहिले होते, तेही हातून होईनात. आक्का वाईट बोलली नाही. आमच्याकडे शंभरातली नव्वद माणसं हेच बोलतील, आणि प्रेमानं बोलतील. मला खटकलं ते त्यातलं 'एक वेळ'.

आईच्या वेळी यल्लम्माला वाहिलेला जोगता दारात आला की आम्ही खेळ सोडून पळत यायचो. डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली, हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, बरोबर चौंडकं वाजवणारा. आई सुपातून जोंधळे घालायची आणि आम्हाला एकेक करून पाया पडायला लावायची. लुगड्याखालचा माणूस बाप्या की बाई, हा प्रश्न कुणाच्या तोंडून आलेला मला आठवत नाही. लग्नात, बाळंतपणात त्यांचा आशीर्वाद हवाच असायचा. २०२१ साली बळ्ळारीकडच्या तृतीयपंथी लोककलाकार मंजम्मा जोगतींना पद्मश्री मिळाली. पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढतानाचा त्यांचा व्हिडिओ आक्कानंच सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. खाली हात जोडलेले.

पण पाया पडणाऱ्या घरांतल्या कुणी जोगत्याला खोली भाड्यानं दिलेली मी पाहिली नाही. दुकानात कामाला ठेवलेलंही नाही. सूपभर जोंधळे आणि नमस्कार, पुढे दार बंद. त्यांच्यातल्या किती जणांना घरच्यांनीच बाहेर काढलेलं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. म्हणजे आक्का ज्याला 'समजून घेणं' म्हणते, ते हे एवढंच. सोनूसाठी मला हे नको आहे.

गुरुवार

सोनूच्या शर्टाचं माप घेतलं. चुलतभावाचं लग्न आहे, साडी नको आणि सूट पण नको.

माझ्या मापाच्या वहीत एकच तऱ्हा आहे, बायकांची. पुरुषांचे शर्ट पलीकडच्या गल्लीतले मास्तर शिवतात. बायकांच्या शर्टाला बटणं डाव्या बाजूला, पुरुषांच्या उजव्या, हे शिवणाऱ्याच्या हातात इतकं बसलेलं असतं की डोकं लावावं लागत नाही. मी फार विचार करून विचारलं, "कुठल्या बाजूला घेऊ?"

सोनू हसलं. "मावशी, बटणं कुठं पण लाव. छातीला कापड चिकटायला नको, आणि खिसा खरा पाहिजे. मोबाईल बसेल असा."

मी आपली उगाच मोठ्या प्रश्नाच्या तयारीत होते! मग टक्स काढून टाकले, मागे योक देऊन मधोमध एक प्लेट सोडली, मुंढा अर्धा इंच उतरवला. मऊ कापड अंगावर पडतं, म्हणून जरा ताठ पॉपलिन घेतलं. बायकांच्या कपड्यांना खरे खिसे का नसतात, यावर सोनूनं सुई हातात घेऊन मोठं भाषण दिलं, ते मात्र मला शंभर टक्के पटलं.

सोनू बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतं. माझ्याकडे राहतं, वडगावात. मुलगी म्हणून वाढलं. मागच्या गणपतीत मला म्हणालं, "मी मुलगी न्हाई. मुलगा पण न्हाई. नॉन-बायनरी म्हणतात." मला वाटलं मुलगा व्हायचं असेल. तसं नाही. जन्मतः शरीरात काही वेगळं असतं ती माणसं वेगळी, आणि बाईवर जीव जडतो की बाप्यावर हा प्रश्नही वेगळा. कुणाला औषधं, ऑपरेशन हवं असतं, कुणाला नको. सोनूला नको. बाई आणि बाप्या या दोन्हींत आपण बसत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

मी तेव्हा लगेच सीमाभागाची उपमा दिली. आपणही असेच, ना धड इकडचे ना धड तिकडचे. पोर म्हणालं, "तसं न्हवं. तुम्हाला महाराष्ट्रात जायचंय. मला कुठंच जायचं न्हाई." १९५६ पासून चाललेल्या वादाचा इतका झटपट निकाल अजून कुणी लावला नसेल.

हाक कशी मारायची हेही तेव्हाच ठरलं. लेकरू म्हण, पोर म्हण, नुसतं सोनू म्हण, 'ती' नको. स्वतःबद्दल ते 'मी येतो, मी जेवलो' म्हणतं, पण त्यात विशेष ते काय? निपाणी-कोल्हापूरकडच्या आम्ही बायका असंच बोलतो, पुण्याची जाऊ अजून हसते. कारखान्यात कन्नड चालतं, तिथं 'नानु बंदे' बाईनं म्हटलं काय नि बाप्यानं म्हटलं काय, एकच. स्वतः बोलताना त्याला कधी अडलंच नाही. अडतं ते दुसऱ्यांच्या बोलण्यात.

बसमध्ये तर रोजचंच. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना आणि तृतीयपंथीयांना सरकारी बसचं शून्याचं तिकीट मिळतं. सोनूच्या आधारवर 'स्त्री' आहे, पण बारीक कापलेले केस आणि अंगात शर्ट. कंडक्टर एकदा कार्डाकडे बघतो, एकदा तोंडाकडे, मग अख्खी बस बघते. परवा निपाणीला जाताना एकानं मोठ्यानं विचारलं, "नक्की काय समजायचं?" सोनूनं पैसे काढून पूर्ण तिकीट घेतलं. फुकटचा हक्क असून तिकीट काढतं, कारण पैसे जातात ते बरं, चाळीस डोळे नकोत. ऐकून माझा संताप झाला. सोनूला होत नाही, किंवा दाखवत नाही.

रविवार

आक्का आली. येताना वांगी, शेंगा, आणि तोंडावर तोच प्रश्न. सोनू अंघोळीला गेलेलं बघून मी बोलून घेतलं.

म्हटलं, तू म्हणतेस 'आपलं आपणच ठरवलेलं'. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला नेमका तोच हक्क दिला. नालसा खटल्याचा निकाल, तृतीयपंथीयांच्या हक्कांचा. माणसानं आपण कोण ते स्वतः सांगायचं, त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही. पुढे २०१९ चा कायदा झाला. तो झाला तेव्हाच्या व्याख्येत हिजडा, किन्नर, अरावनी होते, आपला जोगता होता, आणि सोनूसारख्यांसाठी जेंडरक्वीअर हा शब्दही होता. एकाच वाक्यात. आक्कानं मान वर केली. "जोगता कायद्यात हाय?" त्याचं तिला फार नवल वाटलं, बाकीचं कानावरून गेलं.

दोघं एका वाक्यात आले म्हणून एक झाले असं नाही, हेही सांगावं लागलं. मंजम्मा स्वतःला बाई म्हणतात. सोनू म्हणत नाही. सोनूच्या अंगात येत नाही, केसात जट नाही, परडी नाही. आणि हा कायदा काही फार शहाणा आहे असंही मला वाटत नाही. त्या २०१९ च्या कायद्यानं डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला अर्ज केला तर दाखल्यावर 'ट्रान्सजेंडर' एवढंच लिहून मिळायचं, म्हणून सोनूनं अर्ज केलाच नाही.

आक्का म्हणाली, "देवीचं कसं, चार जाणती माणसं बघून सांगतात. हिथं कोण सांगणार?"

तिची अडचण इथं आहे. जट आली, अंगावर काही उठलं, सारखं आजारपण लागलं की जाणते सांगतात, देवीनं मागितलंय. पोराला कुणी विचारत नाही. आणि इथं पोर स्वतः सांगतंय, तर साक्षीदार कुठे आहे म्हणून आपण शोधतोय. माझा देवीशी काही वाद नाही. मंगळवार मी अजून पाळते. पण बावीस वर्षांच्या, कमावत्या माणसानं स्वतःबद्दल सांगितलेलं देवीच्या सहीशिवाय खरं धरायचं नाही, हे मला मान्य नाही. हे मी आक्काला याच शब्दांत म्हटलं. तिला आवडलं नाही. शेंगा सोलत बसली.

सोनू डोकं पुसत बाहेर आलं. आक्कानं विचारलं, "पुनवेला येतंस का डोंगरावर?"

"येतो की. जत्रेला येतो. विचारायला येत न्हाई."

आक्का काही बोलली नाही, पण गाडी कुणाची घ्यायची यावर दोघांचं बोलणं सुरू झालं. पुनवेच्या गर्दीत गाडी वर जात नाही, आदल्या रात्रीच निघायचं असं ठरत होतं. मधेच आक्का माझ्याकडे वळली, आवाज बारीक करून. लग्नात विहिणी विचारणार. हे काय घातलंय, हे काय केलंय. त्यांना मी काय सांगू?

"सोनूलाच विचारा म्हणावं," मी म्हटलं. "तोंड आहे त्याला."