लंडनला निघालेल्या वऱ्हाडाच्या गावी

अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला जाणारी सकाळची लालपरी पकडली. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत शहागडला गोदावरी ओलांडली, तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. शेजारचे आजोबा घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, तपासणीला निघाले होते. मांडीवर वायरची पिशवी, तिच्यातून एक्स-रेचं पाकीट वर डोकावणारं, आणि हातातल्या मोबाइलवर निळू फुले. आवाज सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढा.

"कुठं चाललीस, बाई?" त्यांनी विचारलं.

"विद्यापीठात. लक्ष्मण देशपांडे सरांचा नाट्यशास्त्र विभाग बघायचाय."

"'वऱ्हाड निघालंय लंडनला' नाटकवाले? गेले की ते."

"हो, २००९ ला."

त्यांनी मोबाइल बंद करून खिशात ठेवला. "म्या बगितलंय त्येंचं वऱ्हाड. एकलाच माणूस, पर आख्खं गाव उभं केल्तं बग."

मग आडूळ येईपर्यंत ते बोलत होते आणि मी ऐकत होते.

२००९ हे साल माझ्या मनात वेगळं कोरलेलं आहे. २२ फेब्रुवारीला लक्ष्मण देशपांडे गेले, १३ जुलैला निळूभाऊ. निळूभाऊंना अवघा महाराष्ट्र रडला, मीही रडले. 'सामना'मधला त्यांचा हिंदुराव, समोर मास्तरांच्या भूमिकेत श्रीराम लागू (तेही २०१९ च्या डिसेंबरात गेले), ही जुगलबंदी मी कितीही वेळा बघू शकते. पण एक गोष्ट मला लहानपणापासून खटकायची. पडद्यावरचं खेडं आमचं नसायचं. मराठी सिनेमा कोल्हापुरात आणि पुण्यात वाढला, त्यामुळे त्यातला पाटील, त्यातली तमासगिरीण, त्यातला गडी, सगळे तिकडचीच बोली बोलायचे. बालाघाटाच्या डोंगरातलं 'मपलं-तुपलं', म्हणजे माझं-तुझं, कुणाच्याच तोंडी नाही. आमच्याकडची बोली बोलणारे मकरंद अनासपुरे पडद्यावर आले ते पुष्कळ नंतर.

आमची बोली मी पहिल्यांदा ऐकली ती वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट. ती इतकी वाजली की टेप दर महिन्याला गुंतायची. वडील पेन्सिल घालून, जीभ दातात धरून, हळूहळू ती गुंडाळायचे. एका ठिकाणी तुटलेली टेप त्यांनी चिकटपट्टीने जोडली होती. तिथे आवाज क्षणभर दबायचा आणि मग एकदम हशा उसळायचा. कशावर हसतायत ते मला वर्षानुवर्षं कळलं नव्हतं, तरी मी हसायचे.

पुढे पुण्याला शिकायला गेले. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी "मपलं पुस्तक कामून घेतलं?" असं म्हणाले. वर्ग हसला, आणि सरांनीही "शुद्ध बोलायला शिका" म्हणून सुनावलं. त्यानंतर दोन वर्षं मी घरच्या फोनवरसुद्धा तोलूनमापून बोलायचे. आईला ते लागलं असणार. सुट्टीत घरी आले, तेव्हा वडिलांनी काही न बोलता तीच कॅसेट लावली. विद्यापीठात नाटक शिकवणारा माणूस हीच बोली तीन तास बोलतो आणि टाळ्या घेतो, हे त्या दुपारी मला नीट ऐकू आलं.

१९७९ साली हा प्रयोग सुरू झाला. लिहिणारे तेच, करणारेही तेच. एकटा नट, ५२ व्यक्तिरेखा. खेड्यातली भोळी, भांडकुदळ, मानपानावर अडून बसणारी माणसं लग्नाला थेट लंडनला निघतात. आवाज बदलला की माणूस बदलायचा, पाठीला थोडा बाक आला की वय बदलायचं. दोन हजारांवर प्रयोग झाले, परदेशात झाले, गिनेस बुकात नोंद झाली. त्यांच्यामागे माजलगावचे संदीप पाठक हे नाटक करतात, आणि ते आपल्याच मातीतल्या नटाच्या हाती गेलं याचा मला फार आनंद आहे. तरीही मला सगळ्यात मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. या माणसाने आमच्या बोलीला नोकराच्या दोन वाक्यांपुरतं ठेवलं नाही, अख्खं नाटक तिच्या स्वाधीन केलं.

बसस्थानकावर आजोबा म्हणाले, "घाटी वाटंतच हाय, चल संगं." रिक्षा भडकल गेटवरून गेली. आजोबांना घाटीच्या फाटकाशी सोडलं, पिशवी हातात दिली. पुढे मकई दरवाजा, बेगमपुरा, आणि विद्यापीठ. मागे डोंगर, त्याच्या पोटात बौद्ध लेणी, अलीकडे सोनेरी महाल. दुपारी दीडच्या उन्हात सगळं पिवळं धमक दिसत होतं.

विभागाच्या आवारात एका झाडाखाली एक मुलगी एकटीच तालीम करत होती. एकच वाक्य घोळवत होती. आधी सासू, मग सून, मग दारात उभा राहिलेला कुणी पाव्हणा. सुनेशी आली की दर वेळी अडखळायची, मान झटकून पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिची मराठी परभणीकडची वाटली. मी बराच वेळ लांब उभी राहून ऐकत होते.

तिने मला पाहिलं. लाजली, मग पुढे आली.

"ताई, मोकळ्या हाव का? समोर कुणी असलं की बरं जमतंय."

मी पायरी हाताने झाडली आणि बसले.