दोन बाळाजी, दोन महादेव : वंशावळीतला घोळ निस्तरताना

आमच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांतात माझ्या पणजोबांची वंशावळ गोविंद, बाळाजी, महादेव, विष्णू अशी दिली आहे. पणजोबा विष्णूपंतांनी श्राद्धपक्षासाठी स्वतः लिहिलेल्या चोपडीत मात्र पिता महादेव, पितामह बाळाजी, प्रपितामह महादेव अशी नावे आहेत. नातेवाइकांचा कल अर्थातच छापील पुस्तकाकडे होता. परंतु दरसाल तीन पिढ्यांच्या नावाने पिंड देणारा माणूस स्वतःच्या पणजोबांचेच नाव चुकेल, हे मला पटत नव्हते.

संशय बळावला तो सालांमुळे. बाळाजी गोविंद यांना मिळालेल्या इनामाच्या सनदेवर 'सलास सबैन मया व अलफ' असे साल असल्याचे कुलवृत्तांतच सांगतो. अरबी संख्याशब्दांतले हे साल म्हणजे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत वापरली जाणारी कालगणना) ११७३; त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ येते. पणजोबांचा जन्म शाळेच्या दाखल्याप्रमाणे १८७० चा. म्हणजे आजोबांना सनद मिळाल्यानंतर ९८ वर्षांनी नातू जन्मला, असे मानावे लागते. अशक्य नसले तरी हे जरा ओढूनताणूनच वाटते.

हक्कनोंदणीचे फेरफार तहसील कचेरीतून काढले. ती नोंदणीच विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली असल्याने तिथे महादेव बाळाजी यांच्या पलीकडे काही मिळाले नाही. खरा उलगडा त्र्यंबकेश्वरी झाला. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आडनाव आणि मूळगाव यांनुसार लावलेल्या असतात आणि येणारा यजमान आपली नोंद बहुधा स्वहस्ते करतो. आमची वही लांबट आणि कापडात बांधलेली होती, शाई काही ठिकाणी पार तपकिरी पडली होती. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घही पाळत नाहीत, म्हणून मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांना मी सोबत नेले होते. शके १७५० च्या, म्हणजे १८२८ च्या सुमाराच्या, नोंदीत 'महादेव बाळाजी गोविंद, पुत्र बाळाजी व नारायण' असे निघाले. पुढे शके १७९७ मध्ये दुसऱ्याच हाताने लिहिलेले सापडले : 'महादेव बाळाजी महादेव, चुलते नारायण, पुत्र विष्णू'. पहिल्या नोंदीतला धाकटा मुलगा नारायण दुसरीत चुलता म्हणून आला आहे, आणि माझ्या दृष्टीने दोन्ही नोंदी एकाच घरच्या आहेत याचा तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरला. निव्वळ बाळाजी-महादेवांवर मी विसंबलो नसतो, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे अशा जोड्या गावोगाव सापडतात.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या चौकशीच्या रुमालात (कापडात बांधलेल्या दप्तरात), बाळाजी महादेव यांची कैफियत, म्हणजे लेखी जबानीही मिळाली. तीत 'आमचे आजे बाळाजी गोविंद यांस इनाम' असा स्पष्ट उल्लेख आहे. अर्थात १८५२ च्या कायद्याखाली झालेल्या त्या चौकशीत इनाम टिकवायचे तर वंश सलग दाखवणे भागच होते, त्यामुळे एकट्या कैफियतीवर मी निर्णय केला नसता. तीर्थोपाध्यांपुढे खोटे सांगून मात्र कोणाचा काही फायदा होणार नव्हता.

तेव्हा क्रम गोविंद, बाळाजी, महादेव, बाळाजी, महादेव, विष्णू असा ठरला. कुलवृत्तांतासाठी घरोघरून पत्रांनी माहिती मागवली होती. ती नकलताना बाळाजी-महादेव ही जोडी लागोपाठ दोनदा आलेली पाहून कोणीतरी ती द्विरुक्ती समजून गाळली असावी, असा माझा तर्क आहे. चोपडी आणि पुस्तक दोन्ही आपापल्या परीने बरोबर होती, पुस्तकात फक्त मधल्या दोन पिढ्या गळाल्या होत्या. वह्यांची छायाचित्रे उपाध्यांच्या संमतीने घेतली आणि कैफियतीच्या नकलेसह कुलवृत्तांताच्या पुरवणीसाठी पाठवली. नारायणाची शाखा पुस्तकात मुळीच नाही; तिचा शोध आता नाशिकच्या वह्यांतून चालू आहे.