करड्या झेंड्याला कुठला रंग?

मी लालबागला फ्लेक्सच्या दुकानात डिझायनिंग करतो. इलेक्शन आणि त्यात १ मे जवळ आला की मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवशी एका उमेदवाराचे दोन कार्यकर्ते आले, पेनड्राइव्हमधे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, म्हणे हा कलर करून द्या, वर साहेबांचा फोटो आणि खाली हुतात्म्यांना अभिवादन. आकडा १०५ टाकू का म्हणून विचारलं, कारण कोण १०५ म्हणतं, कोण १०६, कोण १०७. तर एक जण म्हणाला, "जास्तीचा टाका ना!" हुतात्मा झालेली पोरं २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या खाऊन गेली होती हो, पुढे जानेवारी ५६ मधे मुंबईभर अजून कितीतरी, आणि इथे आकडा म्हणजे डिस्काउंट ऑफर.

मग वरच्या नेत्यांच्या रांगेवर आलो. मी आचार्य अत्रे, प्रबोधनकार, एसेम जोशी, कॉम्रेड डांगे असे लावले होते. "डांगे काढा, ते लाल झेंडेवाले. आणि हे जोशी कोण?" म्हटलं संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस. "मग छोटे करा." अण्णाभाऊ साठे मात्र मोठे हवे होते, वॉर्डात मतं आहेत. आता अण्णाभाऊंच्या कलापथकाचं नावच लाल बावटा, पण ते मी बोललो नाही, गिऱ्हाईक होतं. समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन सगळे होते, म्हणून तर ५७ ला मुंबईत काँग्रेसला जड गेलं, आणि यांच्या फ्लेक्सवर बघणाऱ्याला वाटावं सगळं यांच्याच शाखेतून झालं.

खरी गंमत पुढे. फोटोतले झेंडे करडे, झूम केलं तर दोनतीनवर विळा-हातोडा स्पष्ट दिसतो. "हे आपल्या कलरमधे करून टाका, कोण बघतंय." शेठने मला डोळ्यानेच खूण केली, कर म्हणून. मी म्हटलं, साहेब, वीस बाय दहाच्या प्रिंटला असा भरलेला रंग फाटतो, सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइटच ठेवू, जुना लूक येतो, भारी दिसतो. रंग काही फाटत-बिटत नाही, शुद्ध थाप. पण जुना लूक म्हटल्यावर दोघं खूश.

"बरं, मग आपलं चिन्ह तेवढं डबल करा." केलं, आणि डांग्यांच्या रिकाम्या जागेत ते बरोब्बर बसलं.