वासोटा : बामणोलीहून बोटीने, पुढे जंगलातून

वासोटा किल्ल्यावर जाताना आमचं पहिलं चुकलं ते साताऱ्यातच. निवांत नाश्ता करून कासमार्गे बामणोलीला पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. मग वनखात्याची परवानगी, बोट ठरवणं, शिवसागर जलाशयातला तास-सव्वा तास. गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीच्या काठावर उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि बोटवाले काका पहिलंच वाक्य बोलले, "पाचच्या आत खाली या." हा कोयना अभयारण्याचा भाग. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, आणि गवा-अस्वलांच्या रानात अंधार पडू देऊ नये. म्हणून सांगते, आदल्या रात्रीच बामणोलीत मुक्काम करा. ओळखपत्र जवळ ठेवा. बोट अख्खी ठरवावी लागते, त्यामुळे आठ-दहा जण असलात तर खर्च वाटला जातो. प्लास्टिकच्या बाटल्या चौकीवर मोजून घेतात, तेवढ्याच परत आणायच्या.

ओढ्याजवळच्या मारुतीला नमस्कार केला की चढ सुरू होतो. झाडी इतकी दाट, की डिसेंबरच्या भर दुपारीही डोक्यावर ऊन नाही. पाचोळा मात्र घसरवतो. तळ धरणारे बूट हवेत. वाटेत नागेश्वरच्या गुहेतल्या महादेवाकडे जाणारा फाटा फुटतो. एका दिवसात दोन्ही करायचं तर खूप लवकर निघायला हवं. आम्ही तो मोह टाळला. दीड-दोन तासांत रान संपतं, कातळातल्या पायऱ्या लागतात आणि वर बिनछपराचा मारुती भेटतो.

माझा जीव अडकला तो बाबूकड्यावर. घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो कडा खाली कोकणात तुटतो, पोटात गार वारा घुमतो. समोरच जुना वासोटा नावाचा दुसरा डोंगर. १८१८ साली इंग्रजांनी तिथेच तोफा चढवल्या आणि इथे मारा केला. तोपर्यंत हा गड म्हणजे कोंडून ठेवण्याची जागा. साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबालाही दुसऱ्या बाजीरावाने इथे ठेवलं होतं. त्याआधी १८०६च्या सुमारास औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीने हाच गड पेशव्यांच्या बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने लढवला. पुस्तकात वाचताना मला प्रश्न पडायचा, एवढ्या मोठ्या सरदाराला इतका वेळ का लागावा? त्या कड्यावर उभं राहिलं, आलेली वाट आठवली, की तो प्रश्न उरत नाही. ताईंची आठवण सांगणारा एखादा फलक तिथे असावा असं फार वाटलं.

गडावर टाकी आहेत, पण पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर खालूनच न्या. जेवणाचे डबेही. पावसाळ्यात ही वाट बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उतरताना गप्पा थांबवून चाला. आम्ही दहा मिनिटं गप्प राहिलो, तेवढ्यात वरच्या फांदीवरून एक शेकरू सरसरत गेलं. काठावर पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते आणि काका बोटीची दोरी सोडतच होते.