घरच्या म्यूऑन डिटेक्टरवर फोरबुश घट: काय काय सांभाळायचं

सूर्यावरून सुटलेला चुंबकीय ढग पृथ्वीवरून गेला की दूरवरून येणारे वैश्विक किरण अडतात. मोजणी काही तासांत उतरते, पूर्ववत व्हायला मात्र कित्येक दिवस जातात. भौतिकशास्त्रज्ञ स्कॉट फोरबुशने १९३७ मध्ये हीच घट नोंदवली. मे २०२४ च्या वादळात न्यूट्रॉन मॉनिटरवर (वैश्विक किरणांमुळे हवेत सुटलेले न्यूट्रॉन मोजणारं उपकरण) ती १० टक्क्यांच्या आसपास होती. म्यूऑन, म्हणजे वैश्विक किरण हवेवर आदळून बनणारे आणि जमिनीपर्यंत पोचणारे कण, जास्त ऊर्जेच्या प्राथमिक (अवकाशातून थेट आलेल्या) कणांपासून बनतात. त्यांना ढग कमी अडवतो, त्यामुळे घरच्या डिटेक्टरच्या वाट्याला फार तर दोन-चार टक्के.

म्हणून आधी डिटेक्टरचं क्षेत्रफळ. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्यूऑन. ५ × ५ सेंमीच्या सिंटिलेटरला (कण गेला की चमकणारी प्लास्टिकची पट्टी) तासाला फार तर १५००. नुसता सांख्यिकी चढउतारच २.६ टक्के, घट त्यातच बुडते. २० × २० सेंमीला २४,०००, चढउतार ०.६५ टक्के. छोट्याच पट्ट्या असतील तर आलेख दिवसाच्या बेरजेवर काढा.

दोन थरांची कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी पल्स आला का हे, मायक्रोकंट्रोलरवर मिलिसेकंदात तपासणं टाळाच. प्रत्येक थर सेकंदाला २० पल्स देत असेल, तर १ मिलिसेकंदाच्या खिडकीत योगायोगाच्या जोड्या २ × ०.००१ × २० × २० = ०.८ प्रति सेकंद. ५ × ५ च्या पट्टीतून खरे म्यूऑन त्याच्या निम्मेच. खिडकी १ मायक्रोसेकंदावर आणा, अँड गेट (दोन्ही पल्स एकत्र आले तरच होकार देणारं सर्किट) हार्डवेअरमध्येच ठेवा.

तापमानही दगा देतं. पट्टीतली चमक टिपणाऱ्या सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो काम करू लागतो) अंशाला सुमारे २१ मिलिव्होल्ट सरकतो. त्याच्यापेक्षा २.५ व्होल्ट जास्त (ओव्हरव्होल्टेज) दिला असेल तर १० अंशांचा फरक म्हणजे गेनमध्ये, म्हणजे पल्सच्या उंचीत, ८-९ टक्के, आणि थ्रेशोल्ड (पल्स मोजायची किमान उंची) कडेला असेल तर मोजणीही हलते. बायस (त्याला दिलेला व्होल्टेज) तापमानानुसार सुधारा.

सगळ्यात फसवा हवेचा दाब. दाब वाढला की मोजणी किती बदलते, तो म्यूऑनसाठीचा गुणांक हेक्टोपास्कलला साधारण उणे ०.१ ते ०.२ टक्के. दाब २० हेक्टोपास्कलने चढला की हुबेहूब फोरबुशसारखी घट दिसते! स्वतःचा गुणांक शांत काळातल्या नोंदींवरून काढा: मोजणीचा लॉगॅरिदम विरुद्ध दाब, सरळ रेषा. वादळाचे दिवस त्यात घेतले की खरी घटच पुसली जाते. दाब मोजायला बीएमपी२८० हा छोटा सेन्सर पुरतो.

दुरुस्त आलेख युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवून फिनलंडमधल्या ओलूच्या न्यूट्रॉन मॉनिटरच्या आलेखाशेजारी लावा. ११ मे २०२४ ला तिथे घटीच्या मधोमध सौर कणांची छोटी उडी आहे. ती म्यूऑनमध्ये शोधत बसू नका, त्या कणांची ऊर्जा जमिनीपर्यंत म्यूऑन पोचवण्याइतकी नव्हती.