ट्रंकेतले शंभर शेअर

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा एलआयसीच्या जुन्या पावत्यांखाली एक शेअर सर्टिफिकेट निघालं. शंभर शेअर, दर्शनी किंमत दहा रुपये, साल 1986. पहिलं नाव अण्णांचं, दुसरं आईचं. मागच्या बाजूला पेन्सिलीने अण्णांचं अक्षर: ‘पतपेढी 600, पगार 400’.

कंपनीला पत्र टाकलं की झालं, असं मला वाटलं होतं. पण बहुतेक कंपन्यांची भागधारकांची नोंदवही रजिस्ट्रारकडे असते. आरटीए म्हणतात ते हेच. कागदी शेअर असले की फोलिओ नंबर (नोंदवहीतला भागधारकाचा खाते क्रमांक) घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडेच जायचं. एनएसडीएल (1996) आणि सीडीएसएल (1999) या डिपॉझिटरींचा, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या संस्थांचा, संबंध नंतर येतो, कागदाचे शेअर डीमॅट म्हणजे इलेक्ट्रॉनिक करताना. तिथेही आपलं खातं ब्रोकर किंवा बँकेमार्फतच उघडतं.

1 एप्रिल 2019 पासून लिस्टेड कंपनीचे कागदी शेअर सही करून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. हे ऐकून आमच्या एका नातेवाइकांनी त्यांच्या वडिलांची सर्टिफिकेटं ‘आता रद्दीच’ म्हणून टाकून दिली. मला अजून हळहळ वाटते. बंद झालं ते ट्रान्सफर. माणूस गेल्यावर वारसाकडे शेअर जातात ते ट्रान्समिशन, आणि ते चालूच आहे. आईचं नाव तर सर्टिफिकेटवरच होतं, त्यामुळे फक्त अण्णांचं नाव कमी करायचं होतं.

आरटीएच्या उत्तरात मात्र एक नवी गोष्ट कळली. घर बदलल्यावर अण्णांनी पत्ता कळवला नव्हता, त्यामुळे लाभांश जुन्या पत्त्यावर जात राहिला. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअरसुद्धा आयईपीएफ या सरकारी निधीकडे वर्ग होतात. आईला वाटलं, बुडाले. बुडत नाहीत हो! हक्काचा माणूस कागदपत्रांसह मागणी करून ते परत मिळवू शकतो. त्यासाठीचा आयईपीएफ-5 हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला सरकारी फी नाही. एका एजंटाने याच कामाचे आमच्याकडे पंचवीस टक्के मागितले होते. आईसारख्या एकट्या बाईने ते देऊनही टाकले असते, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

वेळ गेला तो सहीत. आईची 1986 ची सही आणि आताची थरथरती सही जुळेना. मग बँकेतून सही प्रमाणित करून आणायची होती. मॅनेजरबाईंनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, कोऱ्या कागदावर तीनदा सही करायला लावली आणि मगच फॉर्मवर घेतली. शिक्का उमटला तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला होता.

आईचं डीमॅट खातं उघडलं. नॉमिनी म्हणून भाऊ आणि मी, दोघंही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, खरा हक्क वारसांचा, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी नॉमिनी लावाच, कागदपत्रांचा त्रास खूप वाचतो.

परवा मूळ सर्टिफिकेट कंपनीकडे पाठवायचं होतं. झेरॉक्सवाल्याने पुढची बाजू काढून कागद माझ्या हातात दिला. आई म्हणाली, “मागची पण काढ. पतपेढीचा हप्ता भरायला मीच जायचे, महिन्याला तीस रुपये.”